पखवाजाची हातोडी

पावसाळा लागला, होड्या किनाऱ्याला ओढल्या, की करंज्यात भजनाला माणसे जास्त जमतात. दिवसा जाळी शिवायची आणि रात्री टाळ हाती घ्यायचे. पण नेमका याच दिवसांत पखवाज रुसतो. खाडीचा दमट वारा लागून चामडे सैल पडते. आवाज बसतो. पेटी काळी चारमध्ये वाजत असते आणि पखवाज तिच्या खाली कुठे तरी घुमत असतो. मग कोणी तरी म्हणतो, "गुरुजी, ह्यो बोलत नाय. दोन ठोके द्या."

ठोके कशाने द्यायचे, हे मात्र कोणी विचारत नाही. हाताला लागेल ते घेतात. कोणी दगड घेतो, कोणी कोयत्याची पाठ, कोणी सुताराची हातोडी. मीसुद्धा एकदा तेच केले. तेव्हा मी तरुण होतो आणि मला सगळे येते असे वाटत होते. सप्ताहाची पहिली रात्र होती. कीर्तनकार बुवा येऊन बसले होते. मी शेजारून सुताराची हातोडी आणली आणि पखवाजाला ठोकू लागलो. चौथा की पाचवा ठोका निसटला. हातोडीची धारदार कड चामड्यावर बसली आणि गजऱ्यालगत पुडी फाटली. त्या रात्री नुसत्या टाळांवर कीर्तन झाले. बुवा काही बोलले नाहीत. पुडी नवी घालायला मंडळाची वर्षाची वर्गणी गेली. म्हणून हे लिहीत आहे.

आधी पखवाज नीट पाहा. उजव्या तोंडावर जे मढवलेले चामडे असते, ती पुडी. तिच्या मध्यावर काळा गोल दिसतो, ती शाई. लोखंडाची बारीक पूड आणि खळ घोटून, थरावर थर देऊन ती बसवतात. शाई म्हणजे शोभा नव्हे. साध्या चामड्यावर थाप मारली तर त्यातून निघणारे निरनिराळे नाद एकमेकांशी जुळत नाहीत. मधोमध शाईचे वजन आले की ते जुळतात, आणि मग त्याला सूर लागतो. आपल्या देशाचे शास्त्रज्ञ चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२० साली ही गोष्ट शास्त्राने दाखवून दिली. पुढे १९३० साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले, ते प्रकाशावरच्या कामासाठी. पण आपल्या मृदंगाकडेही त्यांचे लक्ष गेले होते, याचे मला कौतुक वाटते.

पुडीच्या कडेने चामड्याची वेणी असते, तो गजरा. गजऱ्यातून वाद्या ओवलेल्या असतात. वाद्यांखाली लाकडाचे गठ्ठे असतात. गठ्ठा डाव्या तोंडाकडे सरकवला की तो खोडाच्या फुगीर भागावर चढतो, वादी ताणली जाते आणि सूर बराच वर जातो. थोडासाच सूर चढवायचा असेल तर गजऱ्यावर वरून हलका ठोका द्यावा. उतरवायचा असेल तर गजऱ्याला खालून वर ठोका द्यावा. म्हणजे एकाच हातोडीला तीन कामे आहेत. हातोडी घेताना हे ध्यानात ठेवा.

तबला-पखवाजाची हातोडी वेगळी मिळते. तिचे एक तोंड गोल व सपाट असते आणि दुसरे निमुळते असते. सपाट तोंड गजऱ्यासाठी. निमुळते तोंड गजऱ्याखाली आणि गठ्ठ्याशी जाते, जिथे जाड हातोडी पोचतच नाही. दुकानात गेलात तर तिच्या कडेवरून अंगठा फिरवा. नख अडले तर ती हातोडी परत ठेवा. निमुळते टोकही बोथट हवे, अणकुचीदार नको.

मग वजन पाहा. फार हलकी असली तर माणूस जोर लावतो, आणि जोर लावला की नेम चुकतो. फार जड असली तर एका ठोक्यातच सूर पार पुढे जातो. हातोडी आपल्या वजनाने पडावी आणि हाताने तिला फक्त वाट दाखवावी, अशी घ्या. लाकडी दांडा असेल तर झटकून पाहा. दांड्यातून सुटलेले डोके शाईवर पडले तर शाईचा टवका उडतो.

लोखंडाची घ्यावी की पितळेची? आपल्या गावासाठी मी पितळेची म्हणेन. खाऱ्या वाऱ्यात लोखंड गंजते, तोंड खरबरीत होते आणि वाद्या खरवडते. लोखंडाचीच परवडत असेल तरी हरकत नाही. तेलाचे बोट लावून ती फडक्यात ठेवा.

ठोकण्याची रीत होडीचे इंजिन खोलणाऱ्यांना सांगायला नको. इंजिनाचे हेड बसवताना नट समोरासमोरचे आणि थोडे थोडे आवळतात. एकाच बाजूने आवळले तर हेड वाकडे बसते. पुडीचेही तसेच आहे. एका घरावर ठोका दिला की समोरच्या घरावर द्या. मग बोटाने वाजवून ऐका. जे घर खाली बोलेल, तिथेच पुन्हा ठोका. मोबाईलवर सूर दाखवणारी सोय आता आहे, ती वापरा. पण पेटीचा सूर धरून कानाने ऐकायची सवय सोडू नका.

ढोलकीची गोष्ट निराळी आहे. दोरीच्या ढोलकीला हातोडी लागत नाही, कड्या हातानेच सरकवतात. नटबोल्टच्या ढोलकीला पाना लागतो. तो नटावर अगदी घट्ट बसणारा हवा. सैल पान्याने नटाचे कोपरे झिजतात आणि मग कोणताच पाना लागत नाही.

कोणी म्हणेल, हलगी शेकतात तसा पखवाज शेकू या. तसे करू नका. हलगीला शाई नसते. पखवाजाची शाई विस्तवाने तडकते.

भजन झाले की डाव्या तोंडाची कणीक काढून चामडे पुसून घ्या, नाही तर रात्री उंदीर येतात. मग पखवाजाला खोळ घाला. हातोडी त्या खोळीत टाकू नका. तिला वेगळी पिशवी शिवा आणि खुंटीला टांगा.