वायपरच्या मोटारींवर हलणारी सीट

मोशन सिम्युलेटर म्हणजे पडद्यावर धावणाऱ्या गाडीच्या हालचालींनुसार चालवणाऱ्याची बैठक हलवणारे यंत्र. खेळातली गाडी ब्रेक लावते तेव्हा सीट पुढे झुकते, वेग घेते तेव्हा मागे कलते, डावीकडे वळते तेव्हा उजवीकडे कलते. वैमानिकांना शिकवण्यासाठी वापरली जाणारी अशी यंत्रे कोट्यवधी रुपयांची असतात आणि हौशी खेळाडूंसाठी तयार मिळणाऱ्या रिगलाही लाखांत पैसे मोजावे लागतात. घरी बनवलेली रिग त्याच तत्त्वावर चालते, फक्त तिचे सामान भंगारवाल्याकडून, वेल्डिंगच्या वर्कशॉपमधून आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या सुट्या भागांच्या दुकानातून येते. इतक्या कमी खर्चात हे काम साधते, याचे मुख्य कारण माणसाच्या कानात आहे.

कानाच्या आतल्या भागात तोल सांभाळणारी दोन प्रकारची इंद्रिये असतात. तीन अर्धवर्तुळाकार नलिका डोके फिरू लागल्याचे आणि थांबल्याचे टिपतात. फिरणे एकसारखे चालू राहिले तर त्याची जाणीव हळूहळू मावळते. कॅल्शियमच्या बारीक स्फटिकांचे ओटोलिथ हे अवयव सरळ रेषेतला धक्का आणि गुरुत्वाकर्षण दोन्ही ओळखतात, पण दोहोंतला फरक त्यांना कळत नाही. गाडीने वेग घेतला म्हणून पाठ सीटला दाबली गेली की सीटच मागे कलली म्हणून, हे ओटोलिथ सांगू शकत नाहीत. अशा वेळी मेंदू डोळ्यांची साक्ष काढतो. पडद्यावर रस्ता वेगाने मागे पळत असला, की वेग वाढल्याचाच अर्थ तो मान्य करतो.

सीट ६ अंश कलली तर गुरुत्वाकर्षणाचा सुमारे १० टक्के भाग पाठीच्या दिशेने वळतो. साध्या मोटारीच्या करकचून लावलेल्या ब्रेकचा जोर गुरुत्वाकर्षणाच्या ८० टक्क्यांच्या घरात जातो. निव्वळ कलातून तेवढा आणायचा तर सीट ५० अंशांहून जास्त झुकवावी लागेल, आणि त्यात बसणारा घसरून खाली येईल. म्हणून घटनेची सुरुवात तेवढी ठळक द्यायची आणि पुढचा प्रसंग डोळ्यांवर सोपवायचा, हा सिम्युलेटरचा नियम आहे. झटका देऊन झाला की सीट पुन्हा मध्यावर आणली जाते, पण इतकी सावकाश की सेकंदाला दोन-तीन अंशांपेक्षा कमी असलेले ते फिरणे नलिकांच्या सहसा लक्षात येत नाही. या चोरपावली परतण्याला वॉशआउट म्हणतात. थोडक्या हालचालीत मोठा भास निर्माण होतो तो यामुळे.

या यंत्राचा पूर्वजही साध्या सामानाचाच होता. १९१० च्या सुमारास फ्रान्समध्ये अँतुआनेत विमानांच्या शिकाऊ वैमानिकांसाठी पिंपाच्या दोन अर्ध्या भागांची एक बैठक बनवली होती. शिक्षक ती हातांनी डोलवत आणि आत बसलेला शिकाऊ ती सावरत असे. अमेरिकेत एडविन लिंक यांनी १९२९ मध्ये वडिलांच्या ऑर्गनच्या कारखान्यातले भाते आणि हवेचा पंप वापरून उड्डाणाचे प्रशिक्षणयंत्र बांधले. १९३४ मध्ये अमेरिकी लष्कराने तशी सहा यंत्रे घेतली आणि दुसऱ्या महायुद्धात लाखो वैमानिक त्यावर शिकले. आजच्या महागड्या सिम्युलेटरांखाली दिसणारी सहा पायांची रचना एरिक गॉफ यांनी बर्मिंगहॅमच्या डनलॉप कारखान्यात टायर तपासण्यासाठी वापरली होती. ते यंत्र १९५४ मध्ये चालू झाले. डी. स्ट्युअर्ट यांच्या १९६५ च्या निबंधानंतर ती रचना सिम्युलेटरांशी कायमची जोडली गेली. घरगुती रिग मात्र बहुधा पिंपाच्याच वंशातली असते: पुढे-मागे आणि डावी-उजवीकडे, एवढ्या दोनच दिशांत कलणारी. सुरुवात करणाऱ्याने तिथेच थांबावे. तिसरी आणि चौथी हालचाल जोडली की मोटारी, वजन आणि बिघाड तिन्ही वाढतात.

भिलाईत असे यंत्र बांधायला घेतले तर लोखंडाची चिंता नाही. सोव्हिएत संघाच्या सहकार्याने उभ्या राहिलेल्या इथल्या पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली. रेल्वेचे रूळ ही कारखान्याची देशभरची ओळख असली, तरी अँगल, चॅनल, सळया आणि जाड प्लेटही तिथे तयार होतात. कारखान्याच्या आधाराने वाढलेल्या औद्योगिक वसाहतींत वेल्डिंग, लेथ आणि फॅब्रिकेशन हा रोजचा धंदा आहे. मुंबई-कोलकाता हमरस्ता गावातूनच जात असल्याने ट्रकांची वर्दळ मोठी, आणि ट्रक जिथे येतात तिथे त्यांचे जुने सुटे भागही येतात. नोकरीसाठी विदर्भातून आलेली मराठी कुटुंबेही इथे स्थायिक झाली आहेत. ज्या घरात वडील किंवा आजोबा फिटर किंवा वेल्डर म्हणून निवृत्त झालेले असतात, तिथे या कामातला सर्वांत मोलाचा भाग, म्हणजे काटकोनात आणि वाक न येता वेल्डिंग करणारा हात, पैसे न देता मिळतो.

रिगला दोन चौकटी लागतात: खालची जमिनीवर घट्ट बसते आणि वरची सीटसकट तिच्यावर हलते. दोन्हींना जोडतो एक युनिव्हर्सल जॉइंट, मेकॅनिकांच्या भाषेत क्रॉस. जुन्या मारुती ओम्नीच्या किंवा जीपच्या प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस या कामाला उत्तम, कारण तो दोन्ही दिशांत वळतो पण स्वतःभोवती गरकन फिरत नाही. सीट मारुती ८०० सारख्या हलक्या गाडीची घ्यावी. सीटच्या मागच्या बाजूला डावी-उजवीकडे दोन मोटारी, प्रत्येकीच्या दांड्यावर सुमारे ५ सेंटिमीटरची एक आडवी पट्टी, आणि त्या पट्टीपासून वरच्या चौकटीपर्यंत एक उभा रॉड. दोन्ही रॉड एकदम वर गेले तर सीट पुढे झुकते, एक वर आणि एक खाली गेला तर बाजूला कलते. दोन मोटारींत दोन्ही हालचाली अशा निघतात. रॉडच्या टोकांना टाय रॉड एंड किंवा चांगले रॉड एंड बेअरिंग लावावे. तिथे साधा बोल्ट लावून पैसे वाचवले तर आठवड्याभरात भोक मोठे होते आणि प्रत्येक वळणावर खडखडाट ऐकू येतो.

क्रॉस नेमका कुठे यावा, यावर पुढचे सगळे अवलंबून आहे. सीट, चौकटीचा हलता भाग आणि बसणारा मिळून ८० किलो धरले आणि दोन्ही रॉड क्रॉसच्या मागे ४० सेंटिमीटरवर धरले, तर साधा हिशेब असा: वजनाचा मध्य क्रॉसच्या २० सेंटिमीटर पुढे गेला असेल तर प्रत्येक रॉडवर सतत २० किलोचा ताण राहतो. मोटारीची ताकद १० न्यूटन-मीटर असेल तर ५ सेंटिमीटरच्या पट्टीवर तिचा जोर जेमतेम २० किलोच भरतो. म्हणजे सीट स्थिर ठेवण्यातच सगळी शक्ती संपली, हलवायला काही उरले नाही. हेच अंतर ५ सेंटिमीटरवर आणले की ताण ५ किलोवर येतो आणि उरलेली ताकद हालचालीला मिळते. दुपटीच्या ताकदीची मोटार शोधत हिंडण्यापेक्षा क्रॉस १५ सेंटिमीटर सरकवणे कितीतरी स्वस्त.

क्रॉसची ती जागा शोधायला गणितही लागत नाही. जमिनीवर एक जाड पाइप आडवा ठेवायचा, त्यावर सीट बसवलेली वरची चौकट ठेवायची, बसणाऱ्याला पाय पेडलच्या जागी ठेवून बसवायचे आणि दोघांनी दोन बाजूंनी आधार देत चौकट पुढे-मागे सरकवायची. जिथे ती कुठल्याच बाजूला पडू पाहत नाही तिथे खडूने रेघ मारायची. पेडल आणि स्टीअरिंग हलत्या चौकटीवर असतील तर हा तोल ते बसवल्यावरच काढावा. क्रॉसची उंचीही सीटच्या तळाला जितकी भिडवता येईल तितकी भिडवावी. बसणारा जितका उंच, तितका तो कललेल्या बाजूला अधिक ओढ देतो.

मोटार वायपरची का, याला चार कारणे आहेत. ती स्वस्त आहे, १२ व्होल्टवर चालते (ट्रकची २४ वर), तिची गती मिनिटाला साधारण ४० ते ६५ फेरे इतकी मोजकी आहे आणि तिच्या पोटात वर्म गिअर आहे. या गिअरमुळे मोटार दांड्याला फिरवते, पण दांड्यावर जोर देऊन मोटार सहसा उलटी फिरत नाही. वीज गेली तर सीट धाडकन खाली न येता आहे तिथेच राहते. भंगारातली मोटार घेताना गिअरचे झाकण उघडून पाहावे. आतले ग्रीस बहुधा वाळून मेणासारखे झालेले असते. ते खरवडून नवे भरावे. बऱ्याच मोटारींत मोठे गिअरचाक नायलॉनचे असते. त्याचा एखादा दात जरी झिजलेला दिसला तरी ती मोटार घेऊ नये.

आणखी एक गोष्ट झाकण उघडल्यावरच दिसते, आणि नवख्याचा पहिला सर्किट बोर्ड ती न पाहिल्यामुळे जळतो. गाडीची बॉडीच बॅटरीच्या निगेटिव्हला जोडलेली असल्याने पुष्कळ वायपर मोटारींत एक कार्बन ब्रश थेट मोटारीच्या कवचाला जोडलेला असतो. वायपर एकाच दिशेने फिरतो तोवर त्यात काही वावगे नाही. रिगमध्ये मात्र मोटार दोन्ही दिशांनी फिरवावी लागते, म्हणजे प्रवाह उलटावा लागतो. प्रवाह उलटला की कवचात पॉझिटिव्ह उतरतो, आणि दोन्ही मोटारी एकाच लोखंडी चौकटीवर असल्याने शॉर्ट सर्किट होते. तो ब्रश कवचापासून सोडवून त्याला वेगळी वायर काढावी आणि मीटर लावून कवचाशी जोड उरला नसल्याची खात्री करावी. तीन ब्रशांपैकी जास्त वेगाचा ब्रशही सोडून द्यावा. तो वापरला तर मोटार एका दिशेने जलद आणि दुसरीकडे संथ फिरते.

मेंदूचे काम आर्डुइनो उनो हा छोटा बोर्ड करतो. प्रत्येक मोटारीच्या दांड्याला एक पोटेन्शिओमीटर जोडलेला असतो आणि दांडा कुठे आहे हे तो बोर्डाला ० ते १०२३ या आकड्यांत सांगतो. पट्टी रॉडशी काटकोनात असताना आकडा ५१२ च्या आसपास यावा. पोटेन्शिओमीटर दांड्याला ताठ जोडू नये. मधे रबरी नळीचा छोटा तुकडा घालावा, म्हणजे दोन्हींचे मध्य केसभर चुकले तरी तो मोडत नाही. त्याची वायर मोटारीच्या जाड वायरींपासून लांब न्यावी, नाहीतर आकडे थरथरतात आणि आकड्यांबरोबर सीटही थरथरते. बोर्ड स्वतः मोटार चालवू शकत नाही. तो हुकूम देतो आणि बीटीएस ७९६० सारखा एच-ब्रिज मोटारीला हव्या त्या दिशेने प्रवाह पुरवतो. हवी ती जागा आणि असलेली जागा यांतला फरक पाहून जोर कमी-जास्त करण्याच्या रीतीला पीआयडी म्हणतात. निकोलस मिनोर्स्की यांनी १९२२ मध्ये जहाजांच्या सुकाणूसाठी ती मांडली होती.

विजेसाठी इन्व्हर्टरची १२ व्होल्टची बॅटरी सर्वांत भरवशाची. वेगात फिरणारी मोटार एकदम थांबवली की ती क्षणभर जनित्र होते आणि वीज उलटी पाठवते. संगणकाचा जुना एसएमपीएस त्या उलट्या लाटेने बंद पडतो, तर बॅटरी ती पोटात घेते. फ्यूज मात्र बॅटरीच्या टोकाशीच हवा. भिलाईत मे महिन्यात पारा ४० अंशांच्या पुढे असतो. तेव्हा एच-ब्रिजवर पंखा लावावा आणि मोटारींना हात लावून पाहत मधे मधे विश्रांती द्यावी.

खेळाकडून माहिती मिळवणे आता सोपे आहे. भारतात खूप खेळला जाणारा युरो ट्रक सिम्युलेटर २, डर्ट रॅली, असेटो कोर्सा, लाइव्ह फॉर स्पीड हे खेळ गाडीचा वेग, कल आणि धक्के बाहेरच्या प्रोग्रामला पुरवतात. सिमटूल्स किंवा फ्लायपीटी मूव्हर हा प्रोग्राम ते आकडे घेऊन आर्डुइनोकडे पाठवतो. इथे नवखे लोक हालचालीचा जोर ठरवणारे प्रोग्राममधले सगळे स्लायडर हमखास पूर्ण सरकवतात आणि सीट घुसळू लागते. कमी हालचाल, पण पडद्याशी अचूक वेळ साधलेली, हीच चांगली जुळवणी. हालचाल चित्राच्या मागे राहिली तर मळमळ होते, आणि ती जोर वाढवून जात नाही. रॅलीसाठी रस्त्याचे हादरे जास्त ठेवावेत. ट्रकसाठी ते कमी करून ब्रेक आणि वळण यांनाच जागा द्यावी.

उरली सुरक्षितता, आणि तिथे काटकसर अजिबात चालत नाही. पोटेन्शिओमीटरची वायर तुटली तर बोर्डाला खोटा आकडा मिळतो आणि तो मोटार पूर्ण जोरात सोडतो. म्हणून आकडा ठरलेल्या मर्यादेबाहेर जाताच मोटार बंद करणारी ओळ प्रोग्राममध्ये असलीच पाहिजे. पट्टी पूर्ण गोल फिरली तरी रॉड कुठे अडणार नाही, अशी जागा सोडावी. मग बिघाडातही सीट फक्त वर-खाली होते, काही मोडत नाही. रॉड आणि चौकट यांमधल्या फटीत बोट चिरडू शकते, त्यामुळे दोन्ही बाजूंना जाळी किंवा पत्रा हवा. घरात लहान मुले असतील तर रिगच्या खोलीला कडी हवी. बसल्या जागेवरून हात पोचेल तिथे लाल इमर्जन्सी स्टॉप बसवावा आणि त्याने बॅटरीचा मुख्य प्रवाहच तुटला पाहिजे; संगणकाच्या कळफलकावरचे बटण त्याची जागा घेऊ शकत नाही. पहिली चाचणी सीटवर वाळूची पोती बांधून घ्यावी, तासभर चालवून सगळे नट-बोल्ट पुन्हा आवळावेत, आणि त्यानंतरच माणसाला बसवावे.