नंबर माणसाचा नको, कामाचा हवा

कॉलेजचे नवे वर्ष सुरू झाले की पहिल्याच आठवड्यात वर्गाचा व्हॉट्सअॅप ग्रुप तयार होतो आणि प्राध्यापकांचा खासगी मोबाइल नंबर शे-दीडशे मुलामुलींच्या फोनमध्ये जातो. तो द्यावा की नाही, हे कोणी कोणाला विचारत नाही. मार्च २०२० मध्ये करोनामुळे महाविद्यालये बंद झाली आणि शिकवणे फोनवर आले, तेव्हा ती गरज होती. पुढे वर्ग भरू लागले, पण सवय तशीच राहिली. वरवर पाहता ही सोयीची बाब वाटते. प्रत्यक्षात तिचा संबंध शिक्षकाच्या झोपेशी, मुलींच्या शिक्षणाशी आणि कधी कधी एखाद्या विद्यार्थ्याच्या जिवाशीही असतो.

‘खासगी नंबर देऊच नये’ असा सल्ला मोठ्या शहरात सहज देता येतो. हिंगोली जिल्ह्यातल्या कळमनुरीसारख्या तालुक्याच्या गावी तो पुरत नाही. आखाडा बाळापूर, डोंगरकडा, वारंगा फाटा या बाजूंची मुले एसटीने कॉलेजला येतात. त्यांतल्या अनेकांच्या घरात कॉलेजची पायरी चढणारे तेच पहिले. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांत आईवडील दिवाळीच्या सुमारास बाहेर पडतात, ते उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. तोवर मुलगा किंवा मुलगी आजीजवळ नाहीतर वसतिगृहात. अशा वेळी महाडीबीटीवरचा शिष्यवृत्तीचा अर्ज अडकला, बँक खात्याला आधार जोडलेले नसले, परीक्षेचा फॉर्म राहिला, तर विचारायचे कोणाला? उत्तर एकच असते : सरांना किंवा मॅडमना. शहरातल्या मुलाला शिक्षकाचा नंबर ही सोय असते. इथल्या मुलाला अनेकदा तेच एक उघडे दार असते.

फोन वाजला नाही, तरी झोप मोडते

या दाराची दुसरी बाजूही पाहायला हवी. कधीही बोलावणे येईल या अपेक्षेत झोपणाऱ्या माणसाची झोप कशी असते, हे स्वीडनमधील संशोधकांनी जहाजावरील इंजिनीअरांच्या मेंदूच्या लहरी नोंदवून तपासले. हा अभ्यास १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या रात्री त्यांच्यावर ‘ऑन कॉल’ जबाबदारी असे, त्या रात्री गाढ झोप घटलेली आढळली. विशेष म्हणजे, पहिली घंटा वाजण्याआधीच्या झोपेतही हा फरक दिसत होता. अशी अपुरी झोप महिनोन् महिने चालली, तर चिडचिड, विसराळूपणा, वाढता रक्तदाब आणि कामाचा वीट हे सारे मागोमाग येते.

तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या प्राध्यापकांचा प्रश्न आणखी अवघड आहे. त्यांचे मानधन वर्गातल्या तासांवर ठरते. रात्री दहाला आलेल्या पंधरा मेसेजांचा हिशेब कुठेच होत नाही. फ्रान्समध्ये २०१७ पासून कामाच्या वेळेनंतर संपर्कापासून दूर राहण्याचा हक्क कायद्यात आहे. आपल्याकडे खासदार सुप्रिया सुळे यांनी डिसेंबर २०१८ मध्ये लोकसभेत याच धर्तीचे खासगी विधेयक मांडले होते.

विद्यार्थ्यांचेही यात नुकसान होते. विशीच्या आतबाहेरच्या वयात झोप आणणारे मेलाटोनिन मोठ्या माणसांपेक्षा उशिरा स्रवू लागते, त्यामुळे झोप मुळातच उशिरा येते. या वयाला रोज सात ते नऊ तास झोप हवी. उद्याच्या तासाची सूचना रात्री अकराला ग्रुपवर पडली की सगळा वर्ग जागा होतो आणि मग फोन हातातून सुटत नाही.

एक फोन आणि सारे घर

शिक्षणाच्या चर्चेत एक गोष्ट सहसा येत नाही. खेड्यातल्या पुष्कळ मुलींनी कॉलेजात दिलेला नंबर त्यांचा स्वतःचा नसतो. तो वडिलांचा, भावाचा किंवा आईचा असतो. रात्री साडेनऊला सरांचा मेसेज आला, तर आधी तो घरातले कोणीतरी वाचते. मजकूर असाइनमेंटचा असला, तरी ‘हा सर एवढ्या रात्री आपल्या पोरीला मेसेज का करतो?’ एवढी एक शंका तिचे कॉलेज बंद करायला पुरते. शिवाय ग्रुपमध्ये प्रत्येकाचा नंबर सर्वांना दिसतो. तिथून तो उचलून त्रास देणारी मुले असतातच.

काही वेळा शिक्षकाचा हेतूही स्वच्छ नसतो. गुण, हजेरी आणि प्रात्यक्षिके ज्याच्या हाती, त्याच्या नकोशा मेसेजला उत्तर न देणे विद्यार्थिनीला सोपे नसते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या लैंगिक छळ प्रतिबंधक नियमांनुसार प्रत्येक महाविद्यालयात अंतर्गत तक्रार समिती बंधनकारक आहे. कनिष्ठ महाविद्यालयातील बहुतेक मुले अठरा वर्षांखालची असतात. त्यांच्या बाबतीत २०१२ चा पोक्सो कायदा लागू होतो. संपर्काची मर्यादा आधीच लेखी ठरलेली असेल, तर मुलीला संरक्षण मिळते आणि सरळमार्गी शिक्षकही बिनबुडाच्या संशयापासून वाचतो.

‘सर, काही सुचत नाही’

या सगळ्या मर्यादा मान्य केल्यावरही एक प्रश्न उरतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागानुसार २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली. त्यांपैकी १,७६४ महाराष्ट्रातील होते, आणि हा आकडा सर्व राज्यांत सर्वाधिक होता. यामागे कारण एकच नसते. पण खचलेल्या मुलाला त्या रात्री बोलायला कोणी मिळणे, न मिळणे याने फरक पडतो. त्याच्या फोनमध्ये आईवडिलांनंतर विश्वासाचा नंबर बहुधा शिक्षकाचाच असतो.

असा मेसेज आला, तर टाइप करत न बसता फोन करावा. ‘जीव द्यावासा वाटतो का?’ असे सरळ, शांतपणे विचारावे. विचारल्याने तो विचार डोक्यात भरतो, हा गैरसमज आहे. उलट बहुतेकांना मोकळे वाटते. उपदेश करू नये, गुप्ततेचे वचन देऊ नये. जवळ असलेला नातेवाईक, रूममेट किंवा रेक्टर त्याच्यापाशी पोहोचेपर्यंत बोलत राहावे. शेतकरी घर असेल, तर फवारणीच्या औषधाचे डबे कुलपात ठेवायला घरच्यांना सांगावे. औषध पोटात गेल्याची शंका जरी आली, तरी मीठपाणी पाजून उलटी करवू नये. १०८ वर फोन करावा आणि डब्यासह थेट रुग्णालय गाठावे.

मात्र हा भार एकट्या शिक्षकाने पेलावा, ही अपेक्षा चुकीची आहे. केंद्र सरकारची टेली-मानस सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. तिचा क्रमांक १४४१६. तो मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येते. सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ च्या निकालात शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता असावा, असे सांगितले. लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर जोडणी करावी, हेल्पलाइनचे क्रमांक ठळक लावावेत आणि कर्मचाऱ्यांना वर्षातून दोनदा प्रशिक्षण द्यावे, असेही त्यात आहे.

रुग्णालयाकडून घेण्याजोगे

सरकारी रुग्णालयात रात्री रुग्ण आला, तर त्याला कोणत्या डॉक्टरचा मोबाइल नंबर माहीत आहे यावर काही अवलंबून नसते. अपघात विभागाचे दार उघडे असते आणि आत पाळीवर कोणीतरी असते. आज एक डॉक्टर, उद्या दुसरा. रुग्णाला उपचार मिळतात आणि घरी गेलेल्या डॉक्टरला झोपही मिळते. महाविद्यालयांनाही हेच जमण्यासारखे आहे.

- प्रत्येक विभागासाठी कॉलेजने एक सिमकार्ड घ्यावे. त्यावर व्हॉट्सअॅप बिझनेस मोफत चालते; वेळ संपल्यावर आपोआप उत्तर जाण्याची सोय त्यात आहे. त्या उत्तरातच १४४१६ हा क्रमांक लिहावा.
- फोनची वेळ ठरवून फलकावर लावावी, उदाहरणार्थ सकाळी १० ते सायंकाळी ६.
- वेळापत्रक, फॉर्मची मुदत, शिष्यवृत्ती यांच्या सूचनांसाठी ग्रुपऐवजी व्हॉट्सअॅप चॅनेल वापरावे. त्यात सदस्यांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत. ज्यांच्याकडे फोनच नाही, त्यांच्यासाठी सूचनाफलक हवाच.
- विद्यार्थिनींशी खासगी मेसेजऐवजी विभागाच्या नंबरवरूनच बोलावे. नंबर कोणाचा आहे आणि कोणत्या वेळी फोन चालेल, हे प्रवेशाच्या वेळीच विचारून ठेवावे.
- परीक्षा आणि निकालाच्या दिवसांत रात्रीसाठी पाळी लावावी. पाळीवरच्या शिक्षकाला दुसऱ्या दिवशी उशिरा येण्याची मुभा असावी.

एखाद्या शिक्षकाला आपला नंबर स्वखुशीने द्यायचा असेल, तर तो त्याचा अधिकार आहे. तसे करणाऱ्या शिक्षकांनी अनेक मुलांना सावरलेही आहे. पण मुलाचा आधार एका भल्या माणसाच्या चार्ज असलेल्या फोनवर टांगलेला राहणे धोक्याचे. त्या शिक्षकाची बदली होते, तो आजारी पडतो, गाढ झोपतो. कॉलेजचा फोन तेव्हाही कोणीतरी उचलणारे असावे, ही व्यवस्था पुढच्या प्रवेशांआधी लावता येईल. त्याला खर्च लागतो तो एका सिमकार्डाचा आणि प्राचार्यांच्या एका बैठकीचा.