खेळाच्या सर्व्हरलाही शीव हवी

गावाची शीव कुठे आहे, हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. आपली हद्द तिथे संपते आणि शेजारच्या गावची सुरू होते. मुंबईतल्या शीवचे नावही याच शब्दावरून आले. मुंबई बेट आणि साष्टी यांची ती हद्द होती. 17व्या शतकात इंग्रजांनी तिथल्या टेकडीवर किल्ला बांधला, तेव्हा पलीकडे पोर्तुगीजांचा अंमल होता. आज त्या शीवमध्ये गावोगावचे चाकरमानी राहतात. त्यांची मुलं आणि गावाकडची भावंडं मे महिन्यात अंगणात खेळतात, एरवी मोबाईलवर. पण मोबाईलवरचा हा खेळ कुणाच्या हद्दीत चालतो, याकडे आपण वडीलधारे लक्ष देत नाही.

सर्व्हर म्हणजे काय?

अनेकजण एकत्र खेळतात तेव्हा एक संगणक पंचाचे काम करतो. कोण कुठे उभा आहे, कुणी काय केले याचा हिशेब ठेवून तो सगळ्यांच्या मोबाईलला कळवतो. त्याला सर्व्हर म्हणतात. तो परक्याचा असला की आत कुणाला घ्यायचे, हेही परकाच ठरवतो. मग अनोळखी माणसं पोरांशी बोलतात, खेळाच्या नावाखाली पैसा जातो. पैसे लावून खेळायच्या ऑनलाईन खेळांवर केंद्र सरकारने ऑगस्ट 2025 मध्ये कायदा करून बंदी घातली. निव्वळ करमणुकीच्या खेळांवर मात्र ही बंदी नाही. तेव्हा मोबाईल हिसकावून घेण्यापेक्षा पोरांना स्वतःचा सर्व्हर चालवायला लावणे चांगले.

खेळ कोणता निवडावा?

ठोकळे रचून घर, रस्ता, शेत उभारायचा माइनक्राफ्ट हा खेळ मुलांना माहीत असतो. पण तो प्रत्येक खेळाडूला विकत घ्यावा लागतो. त्याच धर्तीचा लुआंटी हा खेळ फुकट आहे. 2024 पर्यंत त्याचे नाव मिनेटेस्ट होते. तो जुन्या संगणकावर आणि अँड्रॉइड मोबाईलवरही चालतो. त्यात मिनेटेस्ट गेम नावाचा संच वेगळा उतरवून घ्यावा. या संचात गहू आणि कापूस पेरता येतो. आधी कुदळीने जमीन तयार करावी लागते. तीन ठोकळ्यांच्या आत पाणी असेल तरच ती ओली होते आणि ओल असेल तरच पीक वाढते. एवढे तरी पोरांना खेळता खेळता कळते!

यंत्र कुठे ठेवावे?

गावात वीज केव्हा जाईल याचा नेम नाही. पंपाच्या मोटारीला ऑटो लावून भागते, पण चालू संगणकाची वीज अचानक गेली तर खेळाची नोंद बिघडू शकते. शीवला बेस्टची वीज आहे. म्हणून यंत्र शीवच्या काकांच्या किंवा मामांच्या खोलीत ठेवणे सोयीचे. अंतराची काळजी नको. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला सुमारे 2 लाख किलोमीटर जातो. गाव 400 किलोमीटरवर असले तरी निरोप जाऊन यायला सेकंदाचा हजारावा भाग चार वेळा, एवढाच वेळ लागतो. बाकीचा उशीर वाटेतल्या यंत्रांचा असतो.

4 जीबी रॅमचा जुना संगणक दहा-बारा पोरांना पुरतो. 60 वॅटचा संगणक अहोरात्र चालवला तर महिन्याला 43 युनिट जळतात. संध्याकाळी तीनच तास चालवला तर साडेपाच युनिटही होत नाहीत. तेव्हा वेळ ठरवून घ्यावी. अभ्यासही होतो, बिलही आवरते.

सुरुवात सोपी आहे. नवे जग तयार करावे, 'होस्ट सर्व्हर' या चौकोनात खूण करावी, नाव आणि पासवर्ड द्यावा. 'अनाउन्स सर्व्हर' या चौकोनात मात्र खूण करू नये, नाहीतर सर्व्हर जगजाहीर यादीत जातो. घरच्या राउटरमध्ये 30000 क्रमांकाचा यूडीपी पोर्ट त्या संगणकाकडे वळवावा. दुसरा कोणताही पोर्ट उघडू नये.

इथे एक अडचण येते. बऱ्याच इंटरनेट कंपन्या अनेक घरांना मिळून एकच पत्ता देतात. अख्ख्या चाळीला एकच टपालपेटी असावी, तसा प्रकार! अशा वेळी कंपनीकडे स्वतंत्र, कायमचा आयपी पत्ता मागावा. त्याचे वेगळे पैसे पडू शकतात, ते आधी विचारून घ्यावेत.

हद्द कशी आखावी?

1) पासवर्डाशिवाय कुणालाही आत घेऊ नये.

2) नव्या माणसाला 'इंटरॅक्ट' आणि 'शाउट' हे हक्क आपोआप मिळतात, ते बंद करावेत. मग तो फिरून बघेल, पण काही मोडणार नाही आणि कुणाशी बोलणारही नाही. ओळख पटली की दोन्ही हक्क द्यावेत.

3) कारभाराचे हक्क दोघांकडेच असावेत, एक गावातला आणि एक शीवचा.

4) कुणी काय तोडले याची नोंद ठेवायची सोय चालू करावी. भांडण झाले की पुरावा हाताशी राहतो.

5) दर रविवारी सर्व्हर बंद करून जगाचा फोल्डर पेनड्राइव्हवर उतरवावा.

सर्व्हर उभा करायला एक दुपार पुरते, चालवायला मात्र रोज कुणीतरी जबाबदार लागतो. पाणी वापर संस्थेचे तसेच असते. चारी खोदून होते, खरी कसोटी पाळी सांभाळण्यात लागते. एकाने दुसऱ्याचे घर मोडले तर काय करायचे, कुणाला किती दिवस बाहेर ठेवायचे, हे नियम पोरांनीच आधी कागदावर लिहून सह्या कराव्यात. गावचा कारभार पुढे त्यांनाच बघायचा आहे, त्याची सवय इथून लागेल. सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी यांनी शाळेच्या संगणक खोलीत सुट्टीतली एक दुपार यासाठी द्यावी. शीवच्या पाहुण्यांना फोन मात्र आधी करून ठेवावा.