ग्रेच्चोची गव्हाण

नाताळ हा शब्द आपल्या भाषेत पोर्तुगीजांबरोबर आला. त्याच्या मुळाशी असलेल्या लॅटिन शब्दाचा अर्थ जन्माशी निगडित आहे. कोणाचा जन्म, हे मात्र तो शब्द सांगत नाही. ते स्मरण राखण्याचे काम उत्सव करणाऱ्यांवरच राहते. रोषणाईच्या झगमगाटात आणि तांबड्या डगल्यातील सांताक्लॉजच्या गलबल्यात नेमके तेच स्मरण मंदावत चालले आहे, अशी खंत अनेक भाविक ख्रिस्ती अंतःकरणांत आज आहे. (ज्याच्यावरून हा सांताक्लॉज घडला, तो चौथ्या शतकातील मायरा नगरीचा बिशप निकोलस; आख्यायिकेप्रमाणे तो रात्रीच्या काळोखात गुप्तपणे दान देई!)

ही खंत नवी नव्हे. विद्युद्दीपही नव्हते आणि सांताक्लॉजही नव्हता, त्या काळी, म्हणजे १२२३ साली, संत फ्रान्सिस असिसीकरांच्या मनाला हीच व्यथा जाणवली असावी. मध्य इटलीतील ग्रेच्चो या डोंगरी गावी नाताळ साजरा करण्याचे त्यांनी योजिले आणि सुमारे पंधरा दिवस आधी योहान नावाच्या एका स्नेह्याला तयारी करावयास सांगितले. बेथलेहेमात त्या बालकाने जे कष्ट सोसले, ते आपल्या चर्मचक्षूंनी पाहावेत एवढीच त्यांची इच्छा होती. त्यासाठी त्यांनी मागितले काय? एक गव्हाण, थोडे वाळलेले गवत, एक बैल आणि एक गाढव. मूर्ती नव्हत्या, सजावट नव्हती. मशाली आणि मेणबत्त्या घेऊन आसपासचे लोक त्या रात्री डोंगर चढून आले. गव्हाणीवरच पवित्र मिस्सा अर्पण झाला. फ्रान्सिस हे धर्मगुरू नव्हते, डीकन होते. त्या नात्याने त्यांनी शुभवर्तमान गाऊन वाचले आणि प्रवचन केले. ‘बेथलेहेम’ हा शब्द उच्चारताना त्यांचा स्वर कोकराच्या बेंबाटण्यासारखा होई, असे त्यांचा पहिला चरित्रकार, चेलानोचा थॉमस, सांगतो.

याच थॉमसने त्या रात्रीचा एक दृष्टांत नोंदवून ठेवला आहे. उपस्थितांपैकी एका सज्जनाला गव्हाणीत एक बालक निष्प्राण पडलेले दिसले. फ्रान्सिस जवळ गेले आणि ते जणू गाढ झोपेतून जागे झाले. थॉमसचे त्यावरील भाष्य मार्मिक आहे. अनेकांच्या हृदयांत बाळ येशू विस्मृतीत गेला होता, तो तेथे पुन्हा जागा झाला, असे तो म्हणतो. आठशे वर्षांपूर्वीच्या, श्रद्धाळू म्हणविल्या जाणाऱ्या युरोपविषयी हे लिहिलेले आहे.

लूकने ही जन्मकथा किती थोडक्यात सांगितली आहे! औगुस्त कैसराच्या आज्ञेवरून नावनिशी चाललेली, नाझरेथहून आलेले योसेफ आणि दिवस भरलेली मरिया, उतारशाळेत जागा नाही, म्हणून बालक गव्हाणीत. मत्तयाच्या शुभवर्तमानात तर हेच कुटुंब पुढे हेरोदाच्या तरवारीपुढून मिसर देशात परागंदा होते. देवाने देह धारण केला, आणि तो निराश्रिताचा! ख्रिस्ती श्रद्धेच्या दृष्टीने नाताळचे सारे मर्म येथे साठविलेले आहे.

आज वसईच्या गावागावांत आणि गोव्याच्या वाड्यावाड्यांवर तरुण मंडळी हौसेने गोठे उभारतात. त्यांत कारंजी असतात, डोंगर असतात, कधी फिरती चक्रेही असतात. स्पर्धा भरतात, बक्षिसे वाटली जातात. या कलाकुसरीचे कौतुक अवश्य करावे. परंतु बालकाला शोधावे लागेल इतका गोठा विस्तारला, तर तो कशासाठी बांधला हे कोणी तरी विचारावयास हवे. आणि त्याच गावच्या वेशीवर पोटासाठी आलेले एखादे मजूर कुटुंब ताडपत्रीखाली कुडकुडत असेल, तर उतारशाळेच्या मालकाला दोष देण्याचा आपल्याला कितपत अधिकार उरतो? परक्याला दिलेला आसरा मलाच मिळाला, असे ज्याने पुढे सांगितले, त्याचाच हा जन्मदिवस आहे.

म्हणून नाताळ सुतकी चेहऱ्याने साजरा करावा, असे मात्र नव्हे. गोडधोड, नवे कपडे, गाणी ही सारी या सणाची शोभाच होय. नाताळ शुक्रवारी आला तर मांस वर्ज्य करावे काय, असा प्रश्न निघाला, तेव्हा या दिवशी भिंतींनीसुद्धा मांस खावे, असे स्वतः उपासतापासांत देह झिजविणारे फ्रान्सिस उद्गारले होते. श्रीमंतांनी या दिवशी गरिबांना पोटभर जेवू घालावे, बैलांना आणि गाढवांना नेहमीपेक्षा अधिक वैरण मिळावी, पाखरांसाठी वाटेवर धान्य टाकावे, असेही त्यांना वाटे.

ग्रेच्चोच्या त्या गव्हाणीतील गवत लोकांनी जपून ठेवले. पुढे आजारी जनावरांना ते चारले जाई, असे थॉमसने लिहून ठेवले आहे.