सहावं कार्ड दिसत नाही?

क्रिप्टो मायनिंगसाठी सहा ग्राफिक्स कार्डं जोडली, पण संगणकाला पाचच दिसतात. कार्ड गेलं म्हणून हात टेकण्याआधी एवढं तपासा :

● एकेक करून : सगळी कार्डं काढा. एकच लावून संगणक सुरू करा, मग एकेक वाढवा. घोडं अडेल तिथे दोष.

● रायझर (कार्ड मदरबोर्डला जोडणारी पट्टी) : अडलेलं कार्ड दुसऱ्या, चालत्या रायझरवर लावा. चाललं, तर कार्ड निर्दोष. जुना रायझर किंवा त्याची सैल यूएसबी केबल बदला.

● बायोस : ‘अबव्ह फोर-जी डिकोडिंग’ चालू करा. ते बंद असलं, की अनेक मदरबोर्ड चार-पाच कार्डांपुढे जात नाहीत.

● वीज : कार्ड स्लॉटमधून ७५ वॅटपर्यंत वीज ओढू शकतं, साटा जोडणी १२ व्होल्टवर ५४ वॅटच पेलते. म्हणून रायझरला साटा नको, सहा पिनांची जोडणी द्या. साटाचं टोक पिवळसर पडलंय किंवा जळका वास येतोय? आधी मेन स्विच बंद!

● शेवटचा हिशेब : इथेरियमचं कार्डांवरचं मायनिंग १५ सप्टेंबर २०२२ रोजी कायमचं थांबलं. दुरुस्तीआधी वीजबिल आणि कमाईचा मेळ घाला.