रविवारी एकत्र का जमायचं?

घरी एकट्याने प्रार्थना करता येत असताना देवळात कशाला जायचं? बायबलमधल्या ‘प्रेषितांची कृत्ये’च्या दुसऱ्या अध्यायात पहिल्या ख्रिस्ती मंडळीच्या चार गोष्टी सांगितल्या आहेत: शिकवण, सहभागिता, भाकर मोडणं आणि प्रार्थना. मुळात उपासना देवासाठी आहे. स्तुती आधी, आपली मागणी नंतर.

पण ती शेजारच्यासाठीही आहे. करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या १४व्या अध्यायात पौल सरळ कसोटी लावतो: जे बोललं जातं ते ऐकणाऱ्याला कळून त्याची उन्नती व्हायला हवी. कवी ना. वा. टिळकांनी १८९५मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि पुढे मराठी भजनं रचली, ती याच कसोटीला उतरली. आमच्या भामरागडात या कसोटीचा अर्थ आणखी नेमका होतो. इथल्या घराघरांत माडिया बोलली जाते. माडिया आजीला न कळणारी मराठी प्रार्थना, कितीही सुंदर असली तरी, माझ्या मते अपुरीच.

इ. स. १५०च्या सुमारास रोममध्ये ख्रिस्ती लेखक जस्टिन मार्टरने रविवारच्या सभेचं वर्णन लिहून ठेवलं. वाचन, उपदेश, प्रार्थना, प्रभुभोजन. मग दान, जे अनाथ, विधवा, आजारी आणि कैद्यांसाठी वापरलं जाई. येऊ न शकलेल्यांच्या घरी भाकरीचा वाटा पोचवला जाई. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडची वाट बंद होते. अशा मुलखात मंडळीने हा शेवटचा नियम सर्वांत आधी पाळावा.