पेटीवरचा नंबर

बावीस वर्षं मी सातारा जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत इतिहास शिकवते. आमच्या जुन्या चावडीच्या भिंतीत एक संगमरवरी पाटी आहे. १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात या गावातून इतके जण गेले, त्यांतल्या इतक्यांनी प्राण दिले, एवढाच तिच्यावर मजकूर. पश्चिम महाराष्ट्रात आणि कोकणात अशा पाट्या अनेक गावांत सापडतात. इंग्रज सरकारनं त्या एकाच साच्यातून काढल्यासारख्या बसवल्या. नववीच्या मुलांना मी दरवर्षी ती दाखवायला नेते. तीन वर्षांपूर्वी एका मुलीनं ती दोनदा वाचली आणि विचारलं, "मॅडम, नावं कुठायत?"

पाटीवर नावं नाहीतच. मराठा पलटणी तेव्हा मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये लढल्या. कुत-अल-अमारा इथं १४७ दिवस वेढ्यात अडकून उपासमार सोसलेल्या आणि एप्रिल १९१६ मध्ये शत्रूच्या कैदेत गेलेल्या फौजेतही मराठे होते. त्या आघाडीवर मेलेल्यांचं मोठं स्मारक बसऱ्याला आहे. तिथं ब्रिटिश सैनिकांची नावं कोरली. हिंदी अधिकाऱ्यांचीही कोरली. साध्या हिंदी शिपायांचे मात्र फक्त आकडे. स्मारकं सांभाळणाऱ्या आयोगानं २०२१ मध्ये हा भेदभाव कबूल केला आणि माफी मागितली. मी हे वर्गात सांगितलं तेव्हा मुलं चिडली. मला त्यांचं चिडणं आवडलं, पण घरी जाताना वाटलं, जिवंत माणसांचं आपण वेगळं काय करतो?

२६ जानेवारीला गावातल्या माजी सैनिकांना खुर्च्यांवर बसवायचं, शाल-श्रीफळ द्यायचं, फोटो काढायचा. उन्हात बसलेली पोरं टाळ्या वाजवतात. दुसऱ्या दिवशी मी वर्गात विचारलं, काल कोणाकोणाचा सत्कार झाला? एकालाही नावं सांगता आली नाहीत. गावात ते सगळे नुसते 'मेजर', मग कुणी शिपाई म्हणून निवृत्त झालेला असो की सुभेदार म्हणून.

म्हणून मुलांना दोघादोघांच्या जोड्यांनी त्यांच्या घरी पाठवायला लागले. पहिल्या वर्षी मोठी चूक झाली. मी मुलांची काही तयारीच करून घेतली नव्हती. एका मुलानं ओट्यावर बसताबसताच विचारलं, "आजोबा, तुम्ही किती जण मारले?" आजोबा उठले, गोठ्यात गेले, आणि मुलं निघून जाईपर्यंत बाहेर आले नाहीत. सिनेमे बघून वाढलेल्या मुलाला दुसरं काय सुचणार? चूक माझी होती. मी जाऊन आजोबांची माफी मागितली.

मग आम्ही वर्गातच बसून प्रश्न तयार केले. भरतीला जाताना खिशात किती पैसे होते? पहिला बर्फ कुठं पाहिलात? पेटीत काय काय असायचं? आणि शेवटचा: तुम्ही नसताना घरात काय काय होऊन गेलं? या शेवटच्या प्रश्नावर मुलांच्या वह्या भरल्या. बहिणीचं लग्न. दोन जत्रा. वडील वारल्याची तार हातात पडली तेव्हा गावात दहावा उरकला होता. एकानं मुलीला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती चालत होती आणि त्याला बघून चुलत्याच्या मागं लपली. सरहद्दीवर दिलेला प्राण मुलांना समजतो, त्याचे पोवाडे असतात. सतरा-अठरा वर्षं रोज थोडं थोडं दिलेलं हे आयुष्य कुणीतरी बसून ऐकल्याशिवाय कळत नाही.

एका माजी हवालदारांनी आधी मुलांना परत पाठवलं होतं. "आमी काय लढलो न्हाय. गाडी हाकली. लढल्याल्यांकडं जावा." मुलं पुन्हा गेली. मग कळलं की १९९९ च्या उन्हाळ्यात ते श्रीनगर-लेह रस्त्यावर होते. द्रासजवळ तो रस्ता समोरच्या डोंगरांवरून दिसायचा आणि त्यावर तोफांचे गोळे पडायचे, म्हणून गाड्या रात्री, दिवे बंद करून काढायच्या. एका हाताला डोंगर, दुसऱ्या हाताला दरी, मागं दारूगोळा, रॉकेल नाहीतर पीठ. मुलांनी विचारलं, भीती वाटायची का? ते म्हणाले, "थांबल्यावर वाटायची."

डिसेंबरात शाळेत ध्वजदिनाचे कागदी झेंडे येतात. १९४९ पासून ७ डिसेंबर हा सशस्त्र सेना ध्वजदिन म्हणून पाळतात. मुलं पैसे देतात, झेंडा खिशाला लावतात, संध्याकाळी तो मैदानात पडलेला असतो. तो पैसा शहिदांच्या पत्नींना, अपंग झालेल्या जवानांना आणि माजी सैनिकांच्या कुटुंबांना आधार म्हणून जातो, आणि त्यांची कामं जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून होतात. हे आता मी आधी सांगते. गावातल्या एका आजींच्या मुलाची फी तिथून मिळालेल्या मदतीवर भरली गेली, हे त्यांनी स्वतः वर्गात येऊन सांगितलं, त्या वर्षी मैदानात एकही झेंडा दिसला नाही.

मुलांना सगळ्यात नवल वाटतं ते पत्त्याचं. नाव, नंबर, पलटण आणि पुढं 'मार्फत ५६ एपीओ' किंवा 'मार्फत ९९ एपीओ'. हे कुठलं गाव? गावच नाही. फौजेचं टपाल दिल्लीला नाहीतर कोलकात्याला गोळा होतं आणि तिथून पलटण असेल तिथं जातं. पलटण कुठं आहे ते पाकिटावरून कुणालाच कळत नाही. घरच्यांनाही नाही. नकाशावर बोट ठेवून 'आपला माणूस इथं आहे' एवढंही त्या बायकांना म्हणता यायचं नाही.

हे सांगत असताना याच जूनमध्ये एका मुलानं विचारलं, "मॅडम, तुमचे वडीलपण फौजेत होते ना? त्यांचा नंबर काय होता?"

मला माहीत नव्हता. वडील जाऊन नऊ वर्षं झाली. दुसऱ्यांच्या वडिलांना काय विचारायचं ते मी मुलांना शिकवते, आणि माझ्या वडिलांना मी यातलं काहीच विचारलं नव्हतं.

रविवारी माहेरी गेले. त्यांची काळी पत्र्याची पेटी माळ्याखालच्या खोलीत आहे, आई तिच्यात गोधड्या ठेवते. पांढऱ्या रंगानं लिहिलेली बाजू भिंतीकडं होती. गोधड्या काढल्या, पेटी ओढून फिरवली. नाव होतं, पलटण होती, नंबराचे शेवटचे तीन आकडे खरवडून गेले होते.

आई दारात उभी होती. मी काही विचारायच्या आत तिनं तो सगळा नंबर एका दमात म्हणून दाखवला, आणि त्याला जोडूनच, पाकिटावर लिहायची तसं, 'मार्फत ९९ एपीओ'.